भागायचं कितीनं?

(मोर्शीत वस्तीतल्या वाचनालयात पोरांपुढं केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून काढलं आहे, आकडे तेवढे पुन्हा तपासून घातलेत.)



मला इथं कवी म्हणून बोलावलंय. पत्रकावर तसंच छापलंय. पण आज मी कविता म्हणणार नाही. मी मुंबईच्या गोदीत कंत्राटदाराच्या हाताखाली ओझी उचलणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. गणितात कसाबसा निघालो. तरी आज गणितावरच बोलणार आहे, आणि तेही सगळ्यात साध्या गणितावर, भागाकारावर. हसू नका. कवितेनं मी कुणाला रडवलं असेन नसेन, भागाकारानं मात्र माझ्या घरातल्या दोन माणसांना एका आठवड्यात रडवलं. एक मी आणि दुसरा माझा मामा.

मामा याच तालुक्यात संत्र्याच्या बागेवर सालदार होता. पाडव्याला साल संपलं. हिशेब झाला. रात्री फोन आला.

"भाच्या, बावीस खाडे निघाले माह्ये. अकरा हजार कटले."

मी म्हटलं, "मामा, खाड्याचे किती लावले?"

"पाचशे. माह्या जागी दुसरा गडी लावला तं त्याले पाचशे रोज देला म्हणते."

"अन् तुमचं साल कितीचं होतं?"

"एक लाख वीस."

"मंग तुमचा रोज किती पडला?"

मामा जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "आमचा कायचा रोज बाप्पा? आमचं साल असते. रोज रोजदाराचा असते."

दोस्तांनो, हे वाक्य माझ्या डोक्यातून निघत नाही. पन्नाशीतला माणूस, वीसेक वर्षं दुसऱ्याच्या बांधावर राबला, आणि त्याला स्वतःच्या एका दिवसाची किंमत माहीत नाही. अडाणी आहे म्हणून नव्हे. मामाला मणाचा भाव किलोत काढता येतो. संत्र्याच्या ढिगाकडं बघून किती हजार फळ असेल ते तो सांगतो, आणि व्यापारी मान डोलावतो. फक्त स्वतःच्या दिवसाला भागायचं त्याला कुणी शिकवलं नाही. त्याचा दिवस मोजायचा अधिकार पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याकडं होता.

आता आपण भागू. एक लाख वीस हजार भागिले तीनशे पासष्ट. तीनशे अठ्ठावीस रुपये सत्त्याहत्तर पैसे. मामाचा रोज हा. बावीस खाड्यांचे होतात सात हजार दोनशे तेहतीस. कापले अकरा हजार. म्हणजे तीन हजार सातशे सदुसष्ट रुपये जादा गेले. मामा राबला तेव्हा त्याचा दिवस तीनशे एकोणतीसचा. तापानं फणफणून पडला तेव्हा त्याचा दिवस पाचशेचा. आजारी सालदार धडधाकट सालदारापेक्षा महाग!

आता कुणी म्हणेल, मालकानं खरंच पाचशे मोजले, त्यानं काय करावं? हा सवाल मी टाळत नाही. मोर्शी-वरुडचा संत्रेवाला काय हालतीत आहे हे मी बघतो. गळ लागली की बाग खाली, भाव पडला की तोडणीचा खर्च निघत नाही. पाच-सात एकरवाला स्वतःच कर्जात बुडालेला असतो, आणि अमरावती जिल्ह्यात त्याच्या गळ्याला फास का लागतो हे तुम्हाला मी मुंबईहून येऊन सांगायला नको. पण हिशेब हिशेबाच्या जागी. सालाचा भाव रोजाच्या भावापेक्षा कमी का असतो? कारण सालदार वर्षभर बांधलेला असतो. हंगामात बाहेर पाचशे मिळत असले तरी तो जाऊ शकत नाही. रिकाम्या दिवसांत काम नसलं तरी त्याचं साल चालू राहतं. तो स्वस्तात विकला जातो, बदल्यात त्याला वर्षाची भाकर मिळते. सौदा हा आहे. मग सौदा स्वस्ताचा असेल तर कपातही स्वस्तानंच झाली पाहिजे. घेताना सालाचा भाव आणि कापताना रोजाचा भाव, याला हिशेब म्हणत नाहीत.

आणि त्या एक लाख वीसमध्ये मामी कुठं आहे? गोठ्यातलं शेण मामी काढते. मालकाच्या घरी कार्य असलं की भांडी मामी घासते. सोंगणी-खुडणीच्या दिवसांत मामी शेतात असते, तिला तेवढी मजुरी मिळते, बाईची. पण शेणपाण्याचं काय? ते सालात धरलेलं. कुणी धरलं? कुठं लिहिलंय? मामीला विचारलं तर ती म्हणते, "ते तं करावंच लागते." तर तीनशे एकोणतीस हा एका माणसाचा रोज नव्हे, दीड माणसाचा आहे. आता तो एका माणसावर आणायला कितीनं भागायचं, ते मला येत नाही.

माझी गोष्ट सांगतो, म्हणजे तुम्हाला वाटणार नाही की हे फक्त खेड्यातलं आहे.

माझा पगार पंधरा हजार सहाशे धरा. आकडा मी मुद्दाम भागाला सोपा घेतलाय, खरा थोडा वेगळा आहे. त्या महिन्यात माझे तीन खाडे झाले, आणि दोन रविवार मी जादा भरले, बोट लागली होती म्हणून. चिठ्ठी हातात आली. तीन खाड्यांचे अठराशे कापलेले. दोन रविवारचे एक हजार चाळीस दिलेले. मी आधी खूश झालो, च्यायला रविवारचे दिले तरी! नंतर रात्री झोप येईना म्हणून चिठ्ठीच्या मागच्या बाजूला पेन्सिल चालवली. अठराशे भागिले तीन, सहाशे. एक हजार चाळीस भागिले दोन, पाचशे वीस. म्हणजे मी न गेलेला दिवस सहाशेचा आणि गेलेला दिवस पाचशे वीसचा! एकाच महिन्यात, एकाच माणसाचा!

सकाळी कंत्राटदाराच्या कारकुनाकडं गेलो. म्हटलं, "साहेब, हे कसं?" तो म्हणाला, "खाड्याला सव्वीसनं भागतात, ओव्हरटाइमला तीसनं. कॉम्प्युटर करतो, मी नाही."

कॉम्प्युटर करतो! पूर्वी ब्रह्मदेव करायचा, आता कॉम्प्युटर करतो.

पंधरा हजार सहाशेला सव्वीसनं भागलं की सहाशे. तीसनं भागलं की पाचशे वीस. दोन्ही भागाकार बरोबर आहेत, गणिताचा मास्तर दोन्हीला पूर्ण मार्क देईल. चोरी भागाकारात होत नाही. कुठल्या वेळी कुठला आकडा खाली ठेवायचा, तिथं होते. दोन्हीकडं सव्वीस लावला असता तर माझे सहाशे गेले असते. दोन्हीकडं तीस लावला असता तर पाचशे वीस. त्यानं एकीकडं सव्वीस, एकीकडं तीस लावून सातशे साठ नेले. जास्तीत जास्त दोनशे चाळीस आणि कमीत कमी एकशे साठ रुपये जादा. एकशे साठ म्हणजे काही नाही, असं म्हणाल. आमच्या टोळीत चाळीस माणसं आहेत असं धरा, आणि दर महिन्याला प्रत्येकाचं असंच होतं असं धरा. महिन्याचे सहा हजार चारशे, वर्षाचे शहात्तर हजार आठशे. कारकुनाचा अर्धा पगार आमच्या खाड्यांतून निघतो.

आता हा सव्वीस आला कुठून, ते बघू. महिना तर तीस दिवसांचा, एकतीसचा. सव्वीस दिवसांचा महिना कुठल्या पंचांगात आहे?

वर्षाचे दिवस 365. त्यातून 52 रविवार काढा, उरले 313. बाराने भागा, सव्वीस आणि वर थोडंसं. हा सव्वीस. म्हणजे या आकड्याच्या पोटात एक रविवार आहे, आणि तो रविवार आभाळातून पडलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे या माणसानं तो मिळवला. फुल्यांचा सत्यशोधक, 'दीनबंधू'चा संपादक. 1884 साली त्यानं मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्या मांडल्या, त्यात आठवड्याला एक सुट्टी ही पहिली. गिरणीवाले हलेनात. सहा वर्षं गेली. 10 जून 1890 ला रविवारची सुट्टी कबूल झाली. पुढच्या वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आली. आज ज्या पांढरपेशाला रविवारी मटण आणि झोप मिळते, त्याला लोखंड्यांचं नाव माहीत नसतं.

आणि दिवस आठ तासांचा, आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा, हे कुठून आलं? त्याआधी कारखान्यात आठवड्याचे चोपन्न तास होते. 1942 ते 1946 बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री. भरपगारी रजेचं बिल त्यांच्या काळातलं, 1945 साली कायदा झाला. अठ्ठेचाळीस तासांचा कायदा 1946 चा. किमान वेतनाचं बिल एप्रिल 1946 मध्ये त्यांनीच मांडलं, पास झालं 1948 साली. आपल्याकडं जयंतीला बाबासाहेबांच्या हातात फक्त घटना दाखवतात. त्या हातात पगाराची चिठ्ठीही होती. सव्वीसमध्ये लोखंडे बसलेत आणि आठमध्ये बाबासाहेब. म्हणून सव्वीस आणि आठ या दोन आकड्यांशी कुणी लबाडी केली की मला तो फक्त पैशाचा मामला वाटत नाही.

महाराष्ट्रात किमान वेतनाच्या अधिसूचना निघत आल्या त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं: रोजंदारीवाल्याचा दर काढायचा तर महिन्याच्या दराला सव्वीसनं भागा, आणि वर उरलेले पैसे पुढच्या पैशापर्यंत चढवा. खाली उतरवा नव्हे, चढवा. आणि त्या मासिक दरात आठवड्याच्या सुट्टीचा पगार धरलेला असतो. म्हणजे पंधरा हजार सहाशेवाल्याला सव्वीस दिवस काम आणि चार रविवार भाकर.

सरकारी नोकराचं निराळं. त्याचा अर्धवट महिन्याचा पगार त्या त्या महिन्याच्या खऱ्या दिवसांनी काढतात. एकतीस हजारवाल्याचा जानेवारीतला दिवस हजाराचा, फेब्रुवारीतला अकराशे सात रुपये चौदा पैशांचा. त्यानं बिनपगारी रजा जानेवारीत घ्यावी. आपल्यात कुणी सरकारी नोकर बसला असेल तर त्याला हा फुकट सल्ला.

आता तुम्ही विचाराल, मग नेमकं बरोबर काय? सव्वीस, तीस, एकतीस की तीनशे पासष्ट? मीही हेच विचारत फिरलो. युनियनच्या एका म्हाताऱ्यानं मला उत्तर दिलं. तो म्हणाला, आकडा विचारू नकोस, तुला किती दिवस कामावर बोलावलं होतं ते विचार.

आणि कायद्यात खरंच तसंच आहे. 1936 च्या वेतन देण्याच्या कायद्यात होतं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून जी वेतन संहिता लागू झाली तिच्यातही आहे. गैरहजेरीची कपात किती करायची? ज्या काळाचा पगार आहे त्या काळात करारानं जेवढा वेळ काम करणं भाग होतं, त्यातला जेवढा वेळ तू गैरहजर, तेवढ्याच हिश्श्याची. त्याहून जास्त नाही. माझ्या कराराप्रमाणे मला महिन्यात सव्वीस दिवस यायचं होतं. तीन दिवस नाही आलो. तीन भागिले सव्वीस एवढाच हिस्सा कापा, मी तक्रार करत नाही. पण मग सत्ताविसावा दिवस भरला तर तो पाचशे वीसचा कसा? तो निदान सहाशेचा, आणि आठवड्याच्या अठ्ठेचाळीस तासांच्या वर गेला असेल तर दुपटीचा.

हेच माप मामाला लावा. मामाला किती दिवस बोलावलं होतं? तीनशे पासष्ट. सालदाराला रविवार नाही. पोळ्यालासुद्धा बैल धुवायला, सजवायला तोच. बैलाला एक दिवस सुट्टी आहे, बैलवाल्याला नाही. बरं, सुट्टी नाही ना? मग सुट्टी नसण्याचा तरी फायदा मिळू द्या! तीनशे पासष्ट दिवस बांधलं असेल तर एका खाड्याला तीनशे पासष्टावा हिस्सा. त्याच्यावर एक पैसा नाही. खरं तर ही संहिता पगाराचा काळ महिन्याहून मोठा ठेवूच देत नाही. सालाचा पैसा महिन्याच्या महिन्याला मोकळा झाला पाहिजे. एक लाख वीस म्हणजे महिन्याला दहा हजार. आपल्याकडं काय होतं? पाडव्याला उचल, मग आजारपणाला उचल, पोरीच्या लग्नाला उचल, आणि सालाच्या शेवटी हिशेब मालकाच्या वहीत. गड्याकडं वही नाही.

आणि इथं एक मेख आहे, ती नीट ऐका. मालकानं पगाराची नोंद ठेवावी, चिठ्ठी द्यावी असं त्याच संहितेत आहे. पण शेतीकामाला किंवा घरकामाला पाचपर्यंत माणसं ठेवणारा त्यातून सुटला. त्यानं रजिस्टर ठेवायची गरज नाही, निरीक्षकानं मागितलं तर पगार दिल्याचा काही पुरावा दाखवला म्हणजे झालं. या तालुक्यात किती बागवाल्यांकडं पाचाहून जास्त सालदार आहेत? तर सालदाराच्या दिवसाची नोंद ठेवायची कायद्यानंही कुणावर सक्ती केलेली नाही. मामा म्हणतो ते बरोबरच म्हणायचं. आमचा कायचा रोज!

ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. महारकीचा रोज किती होता? सांगा ना कुणी म्हातारं असेल तर. 1928 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कौन्सिलात महार वतनाचं बिल मांडलं तेव्हा गाऱ्हाणं हेच होतं. वतनी महार सरकारचा नोकर, पण त्याच्या नोकरीला तास नाहीत, दिवसरात्र कधीही हाक. तो घरी नसला तर बाप, भाऊ, जो सापडेल त्यानं जायचं. एका माणसाचं वतन आणि राबायला सगळं घर. बदल्यात इनामाचा तुकडा आणि बलुतं, खळ्यावर मालक देईल तेवढं. वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं, मध्य प्रांताबरोबर होतं, इथल्या रीती थोड्या वेगळ्या. पण खळ्यावर हात पसरून उभं राहायची रीत सगळीकडं एकच. ज्या कामाला तास नाही, त्याला दिवस नाही. ज्याला दिवस नाही, त्याला भागता येत नाही. आणि भागता येत नाही म्हणून कमी दिलं हे सिद्धही करता येत नाही. महारकी टाकली आपल्या बापजाद्यांनी. पण हिशेबाची ती रीत मेली नाही. मामीच्या शेणपाण्यात ती जिवंत आहे.

सुप्रीम कोर्टानं 1982 साली, दिल्लीत आशियाई खेळांचं बांधकाम करणाऱ्या मजुरांच्या खटल्यात, सांगून ठेवलंय: किमान वेतनाहून कमी देऊन काम करवून घेणं म्हणजे वेठ, घटनेच्या तेविसाव्या कलमाचा भंग. पण किमानाहून कमी आहे की नाही हे कळायला आधी रोज काढता आला पाहिजे.

आता शहरातल्या पोरांकडं वळतो. अमरावतीत, नागपुरात, मुंबईत आपली किती पोरं वॉचमन आहेत! निळा शर्ट, शिट्टी, बारा तास, महिन्याचे तीस दिवस. समजा पगार तोच, पंधरा हजार सहाशे. घरी सांगतो, रोजचे पाचशे वीस पडतात. खोटं. बारा तास गुणिले तीस, तीनशे साठ तास. आठ तासांचे सव्वीस दिवस म्हणजे दोनशे आठ तास. उरले एकशे बावन्न तास, ते जादाचे, त्यांचा दर दुप्पट पाहिजे. म्हणजे ते तीनशे चार तासांच्या बरोबरीचे. दोनशे आठ आणि तीनशे चार मिळून पाचशे बारा. पंधरा हजार सहाशे भागिले पाचशे बारा, तासाला तीस रुपये सत्तेचाळीस पैसे. आठ तासांचा रोज झाला दोनशे त्रेचाळीस रुपये पंच्याहत्तर पैसे.

पुन्हा सांगतो. त्याच पगाराच्या आकड्यावर माझा रोज सहाशे आणि वॉचमनचा पावणेदोनशे चव्वेचाळीस... नाही, चुकलो, दोनशे पावणेचव्वेचाळीस. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर 312 रुपये होता. एसी इमारतीच्या दाराशी टाय लावून उभा असलेला आपला भाऊ मातीकाम करणाऱ्या मजुराहून स्वस्त आहे, आणि त्याला ते माहीत नाही, कारण त्याला महिन्याचा आकडा मोठा दिसतो. महिन्याच्या आकड्याला भुलू नका. लग्न ठरवताना तो सांगायला ठीक आहे.

(इथं एकानं विचारलं, नोकरी सोडल्यावर ग्रॅच्युइटी मिळते तिचं काय. बरं झालं विचारलं.)

ग्रॅच्युइटीत हाच झगडा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 1972 च्या कायद्यात होतं, नोकरीच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. मालक म्हणाले, पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना, अर्धा पगार. कामगार म्हणाले, पंधरा दिवस म्हणजे कामाचे पंधरा दिवस, सव्वीसनं भागून पंधरानं गुणा. जामनगरच्या दिग्विजय वुलन मिल्सच्या खटल्यात 1980 साली कोर्टानं सव्वीस मान्य केला. 1987 च्या दुरुस्तीत तो कायद्यातच लिहिला गेला, आणि आताच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही सव्वीसच आहे. फरक किती? पंधरा हजार सहाशेवाला दहा वर्षं राबला. तीसनं भागलं तर अठ्ठ्याहत्तर हजार, सव्वीसनं नव्वद हजार. बारा हजारांचा फरक, नुसत्या खालच्या आकड्यानं. म्हणून मी म्हणतो, आमच्या कारकुनाला सव्वीस माहीत नाही असं नाही. तो कापताना त्याला आठवतो.

संपाचा भागाकार तर आणखीच नामी. बँक ऑफ इंडियाच्या नोकरांनी 29 डिसेंबर 1977 ला चार तास संप केला. बँकेनं पूर्ण दिवसाचा पगार कापला. भांडण 1990 पर्यंत चाललं आणि सुप्रीम कोर्टानं म्हटलं, बँकेला तसं कापता येतं. चार तास बरोबर एक दिवस. आणि 1936 च्या कायद्यात एक तरतूद होती, नव्या संहितेनंही ती जशीच्या तशी ठेवली: दहा किंवा जास्त माणसं आपसात ठरवून, नोटीस न देता, योग्य कारणाशिवाय गैरहजर राहिली, तर नोकरीच्या अटीत तसं असल्यास मालक आठ दिवसांपर्यंतचा पगार कापू शकतो. एकटा गैरहजर राहिला तर एका दिवसाला एक. दहा जण मिळून राहिले तर एका दिवसाला आठ. एकट्याच्या तापाला वेगळा दर, दहा जणांच्या एकीला वेगळा. 7 नोव्हेंबर 1938 ला बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षानं कम्युनिस्टांच्या जोडीनं मुंबईत संप केला तो संपाचा हक्क बांधून टाकणाऱ्या बिलाविरुद्ध. तो धागा अजून तुटलेला नाही एवढंच सांगतो. त्यावर बोलायला लागलो तर रात्र पुरणार नाही.

एक गोष्ट बोलायची नव्हती, पण बोलतो. आमचा मुकादम आपलाच आहे. घरात बाबासाहेबांचा फोटो, पुतळ्याला हार पहिला त्याचा. खाडे मांडतो तो. मी नसलेल्या दोन दिवसांचे तीन त्यानं मांडले होते एकदा. विचारलं तर म्हणाला, "भाऊ, समाजाच्या कार्यक्रमाला वर्गणी द्यायची असते, वर भागवावं लागतं." स्वातंत्र्याआधी गोदीत टोळीवाले होते, टोळीचा पैसा त्यांच्या हातात पडायचा, मग माणसांच्या. 1948 च्या गोदी कामगार कायद्यानं, नंतर आलेल्या डॉक लेबर बोर्डानं हजेरी त्यांच्या खिशातून काढून बोर्डाच्या कार्डावर आणली. काम नसलं तरी हजेरीचा पैसा मिळायला लागला. ते बोर्ड 1994 साली पोर्ट ट्रस्टमध्ये गेलं, पेट्या आल्या, माणसं गेली, आणि आता कंत्राटाच्या नावानं टोळीवाला परत आलाय. फक्त तो आता निळी टोपी घालतो. हे मी इथं बोललो तर मुंबईत मला कामावर घेतील की नाही माहीत नाही. छापा.

तर मामाचं पुढं काय झालं ते सांगतो. मी काल गावात गेलो होतो. मामाला घेऊन मालकाकडं गेलो. तीनशे पासष्टचा हिशेब कागदावर मांडला. मालकानं कागद बघितला, बराच वेळ बघितला. मग म्हणाला, "पोरगा शिकला." हे कौतुक होतं की शिवी, मला कळलं नाही. म्हणाला, दोन हजार परत देतो, बाकीचं पुढच्या सालात बघू. मामा लगेच हो म्हणाला. मी नको म्हणत होतो. वाटेत आमची चांगलीच जुंपली. मामा म्हणाला, "तू मुंबईले निघून जाशीन. मले उद्या त्याच्याच बागेत जा लागते." याच्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही.

पण येताना मोर्शीच्या बाजारातून मामानं वीस रुपयांची एक वही घेतली. पहिल्या पानावर मीच आखून दिली: तारीख, काम, तास, उचल. आणि शेवटी एक रकाना मामीचा. मामी म्हणाली, माह्यं काय लिहाचं त्यात? मी म्हटलं, शेण काढलं तर लिहा. ती हसली. पण सकाळी मी निघताना तिनं पोरीकडून पहिली ओळ लिहून घेतली होती.

तुमच्यातल्या ज्यांच्याजवळ पगाराची चिठ्ठी आहे त्यांनी ती काढा. चिठ्ठी नसेल तर बँकेत जमा झाल्याचा मोबाइलवरचा संदेश चालेल. आधी बघा, खाडा कितीनं कापलाय. मग बघा, जादा दिवस कितीनं दिलाय. दोन आकडे जुळत नसतील तर माझ्याकडं या. मी पेन्सिल आणली आहे. उद्या दुपारी बडनेऱ्याची गाडी धरणार, तोवर इथंच आहे.